घाटात गाडी मिसिंग मारते: घरच्या घरी निदान आणि दुरुस्ती (गोडोली, सातारा)

यवतेश्वर वळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी चार सिलेंडरची, कंपनी फिटेड सीएनजी आहे. शहरात काही जाणवत नाही. पोवई नाका, राजवाडा, पुढे कोरेगाव रस्ता, सगळीकडे नीट पळते. कासच्या रस्त्याला लागून यवतेश्वरचा घाट चढायला सुरुवात केली की दुसऱ्या गियरमध्ये झटके मारायला लागते. सायलेन्सरमधून फट-फट असा तुटक आवाज येतो आणि पिकअप जातो. सीएनजीवर हे हमखास होतं, पेट्रोलवर अधूनमधून. चढ संपून पेट्रीकडच्या सपाट रस्त्याला लागलं की काही झालंच नाही अशी चालते.

आमचं गाव त्याच रस्त्यावर वर आहे. आईला दर आठवड्याला तिकडे न्यावं लागतं, त्यामुळे हे नीट व्हायला हवं, आणि पावसाळ्याच्या आत. धुक्यात, वळणावर, मागे एसटी असताना गाडीचा दम सुटला तर काय होईल ते त्या घाटात चालवणाऱ्यांना सांगायला नको.

एका गॅरेजमध्ये दाखवली. चारही कॉईल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारे भाग), चारही प्लग बदलू, शिवाय नोझल (इंधन फवारणारे भाग) क्लिनिंग करू, मग बघू, असं उत्तर मिळालं. त्यातलं नक्की काय खराब आहे हे विचारल्यावर उत्तर नव्हतं. म्हणून ठरवलंय की नेमका दोष सापडेपर्यंत एकही भाग विकत घ्यायचा नाही. हा धागा त्यासाठीच. मी करत जातो तसं इथे लिहितो, जाणकारांनी दिशा द्यावी.

आतापर्यंतची माहिती: ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या ईसीयूतले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, दोषाचे कोड वाचणारा; ईएलएम ३२७ जातीचा) स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर वाचला. कोड एकच, पी०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचं मिसफायर, त्यातलं इंधन नीट पेटत नाही. कोड पडला तेव्हाच्या नोंदीत इंजिन पूर्ण गरम, साधारण २४०० आरपीएम आणि लोड भरपूर असं दिसतंय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतो त्याचा आकडा, अधिक ३ टक्के आहे. एअर फिल्टर नवा आहे.

चारभिंती

दादा, हे सगळं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन-चार जणांच्या गाड्या अशाच झटके मारतात. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीत पाणी साचतं. आधी टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं भरून बघा.

कुपवाडचा फिटर

चारभिंती, इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. पण मला सांगा, पाणी फक्त तिसऱ्याच सिलेंडरला कसं जाईल? पेट्रोल खराब असेल तर चारही सिलेंडर कुरकुरतील आणि कोड पी०३०० येईल, म्हणजे मिसफायर आहे पण एका ठिकाणी नाही. इथं तर गाडी सीएनजीवर जास्त मिस मारतीय. तिथं पेट्रोलचा संबंधच येत नाही. तुमच्या शेजाऱ्यांच्या गाड्यांचा विषय वेगळा असू शकतो, त्यांचे कोड वाचून घ्या.

यवतेश्वरभाऊ, भाग न घेता शोधायचं ठरवलंत हे लई चांगलं केलंत. आता नीट बघूया.

सिलेंडरला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन-हवेचं योग्य मिश्रण आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. तुमच्या गाडीत पेट्रोलची नोझल वेगळी आणि सीएनजीची वेगळी. दोन्ही इंधनांवर तोच एक सिलेंडर मिस होतोय, म्हणजे दोन्ही नोझल एकदम खराब झाल्या असं धरावं लागेल, आणि ते अवघड आहे. गॅरेजवाल्यांची नोझल क्लिनिंग म्हणूनच सध्या बाजूला ठेवा. राहिली ठिणगी आणि कॉम्प्रेशन.

आता घाटातच का? चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, थ्रॉटल उघडतो, सिलेंडरमध्ये हवा जास्त भरते, दाबही वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा आणखी जास्त. सपाटीवर कॉईलचं काम दहा-बारा हजार व्होल्टमध्ये भागत असेल, तर घाटात त्याच्या दुप्पट लागू शकतं. एवढं व्होल्टेज चढलं की ते सोपी वाट शोधतं. प्लगच्या गॅपमधून उडायच्या ऐवजी बाजूनं कुठूनतरी बॉडीला निघून जातं. कॉम्प्रेशन गेलेला सिलेंडर सहसा आयडलिंगला आधी थरथरतो आणि रेस दिल्यावर सुधारतो. तुमचं बरोबर उलटं आहे. माझा संशय ठिणगीच्या बाजूला आहे.

करायचं काय: तिसऱ्याची कॉईल काढून दुसऱ्या कुठल्यातरी सिलेंडरला लावा, त्याची तिसऱ्याला. कोड पुसा. तोच घाट, तोच गियर, सीएनजीवर. कोड कॉईलबरोबर हलला तर कॉईल, नाही हलला तर प्लग किंवा पुढचं. एका वेळी एकच बदल करा. कॉईल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर काहीच कळणार नाही.

इंजिन गार झाल्यावरच हात घाला. चावी बंद. कॉईलच्या सॉकेटची लॉकिंग टाच जुनी झाली की कडक होते, ओढून तोडू नका, दाबून सोडवा. बोल्ट बहुतेक १० च्या पान्याचा असतो.

हळदीचं पेव

आधी वायरिंग बघून घ्या. आमच्याकडे उसाची तोड सुरू झाली की रानातले उंदीर घराकडे पळतात आणि रात्री बॉनेटखाली गरम जागा बघून बसतात. मागच्या गाडीला कॉईलच्या वायरचं कव्हर कुरतडलं होतं. बाहेरून नुसता ओरखडा दिसायचा, आत तांब्याचे दोनच पदर शिल्लक होते. सपाट रस्त्यावर चालायची, खड्ड्यात मिस मारायची.

२०१९ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या त्यांनी सॉकेटच्या पिनाही बघाव्यात. सांगलीत पुरानंतर दोन-दोन वर्षांनी हिरवा गंज वर आलेला मी पाहिलाय.

यवतेश्वर वळण

हळदीचं पेव, तुमचं ऐकून आधी तेच केलं. टॉर्च घेऊन पूर्ण हार्नेस पाहिलं. कुरतडल्याची खूण नाही, उंदराच्या लेंड्या नाहीत. इंजिन चालू ठेवून कॉईलकडे जाणारी प्रत्येक वायर हलवून पाहिली, आवाजात फरक पडला नाही. पिना स्वच्छ आहेत. गाडी पुरात कधी नव्हती.

फिटरकाका, तुमचं दाब आणि व्होल्टेजचं स्पष्टीकरण वाचल्यावर सगळी लक्षणं एका ओळीत बसली. तिसऱ्याची कॉईल दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला लावली. कोड पुसला. घाट चढलो, सीएनजीवर, दुसऱ्या गियरमध्ये.

निकाल विचित्र आहे. आता दोन कोड आलेत: पी०३०२ आणि पी०३०३. आधी फक्त तिसरा होता, आता दुसरा आणि तिसरा दोन्ही. झटके आधीपेक्षा जास्त आहेत. वर जाऊन थांबलो आणि उतरताना पेट्रोलवर आणली.

रानवाट

दुसरा आणि तिसरा शेजारी-शेजारी आहेत, हे लक्षात घ्या. शेजारच्या दोन सिलेंडरना एकदम मिसफायर म्हणजे हेड पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) दोघांच्या मधोमध फुटलंय का हे बघावं लागतं. एकाचा दाब दुसऱ्यात जातो. मी असतो तर आता कॉईल सोडून कॉम्प्रेशन टेस्ट केली असती. पेट्रोल इंजिनला साधारण ११ ते १४ किलोच्या दरम्यान दाब यावा आणि चार सिलेंडरमध्ये फार फरक नसावा. शेजारच्या दोघांत एकदम कमी आला तर पॅकिंग.

टेस्ट करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, चारही कॉईलची सॉकेट सोडा आणि सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा. आकडा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. वाढला तर पिस्टन रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. कूलंट कमी होतंय का? एक्झॉस्टला पांढरा धूर?

चारभिंती

किंवा दोन कॉईल गेल्या असतील. एकाच वयाच्या आहेत. गॅरेजवाले चारही बदला म्हणत होते ते कदाचित बरोबर असेल.

कुपवाडचा फिटर

रानवाट यांचा मुद्दा चांगला आहे, शेजारचे दोन सिलेंडर म्हटल्यावर माझ्याही डोक्यात पॅकिंग येतं. पण त्याआधी फुकटात होणारी एक तपासणी आहे. दोन्ही कॉईल आपापल्या मूळ जागी परत लावा. कोड पुसा, घाट चढा. पॅकिंग फुटलेलं असेल तर कॉईल कुठंही असो, दुसरा सिलेंडर मिस मारणारच. दुसरा एकदम स्वच्छ झाला तर पॅकिंगचा विषय संपला.

चारभिंती, दुसऱ्याची कॉईल आधी दुसऱ्या सिलेंडरवर नीट काम करत होती. अदलाबदल झाली त्याच दिवशी ती खराब व्हावी, याला कारण काय? एखादी गोष्ट हलवल्यावर लक्षण बदललं तर आधी हलवलेल्या गोष्टीला विचारायचं.

आणि भाऊ, कॉईल काढाल तेव्हा घाई न करता तिचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी नळी, आतून-बाहेरून टॉर्चनं बघा. प्लगच्या भोकातही टॉर्च मारा. ऑइल आहे का ते सांगा. तिसऱ्याचा प्लग काढून त्याचं पांढरं पोर्सेलिन कापडानं पुसा आणि उजेडात फिरवून बघा. कुठं काळी रेघ दिसती का.

मधल्या काळात इंजिनाची लाईट नुसती लागून राहिली तर गाडी हळू चालवता येते. लाईट लुकलुकायला लागली तर लगेच पाय उचला, चढ सोडा. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी वितळली की प्लग-कॉईलच्या कितीतरी पट खर्च.

मिरजेची तार

मध्येच विचारते, माफ करा. माझी गाडी तीन सिलेंडरची, साधी पेट्रोल. ती उलट आयडलिंगला थरथरते आणि हायवेला छान पळते. स्कॅन केल्यावर पी०३०० आणि फ्युएल ट्रिम अधिक १८ टक्के. हेच कारण असेल का?

कुपवाडचा फिटर

ताई, तुमचं वेगळं आहे. ट्रिम अधिक १८ म्हणजे ईसीयूला वाटतंय की हवा जास्त आहे, म्हणून तो इंधन वाढवत चाललाय. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ जास्त असते, कुठं चीर असेल तर तिथून हवा आत खेचली जाते आणि एकूण हवेत तिचा वाटा मोठा पडतो. रेस दिल्यावर तेवढीच चीर किरकोळ ठरते. इंजिन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डजवळ सूं असा आवाज येतो का ऐका. ब्रेक बूस्टरचा पाइप, टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, इनटेककडे जाणारा रबरी पाइप, त्याच्या वळणावर बोटानं दाबून बघा, तिथंच चिरतात. बारीक फवाऱ्यानं साबणाचं पाणी मारा. चिरेवर पाणी गेलं की आयडलिंग क्षणभर बदलतं. काहीजण कार्ब क्लिनर मारून बघतात. गरम इंजिनावर ते पेट घेतं, घरी नको.

एक खबरदारी. मिसफायर झालेल्या सिलेंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि ऑक्सिजन सेन्सरला हवा जास्त असल्याचा भास होतो. त्यामुळं नुसत्या ट्रिमवर निकाल देऊ नका, चीर डोळ्यानं सापडायला हवी.

मिरजेची तार

टॅपेट कव्हरवरच्या पाइपला खालच्या बाजूने उभी चीर होती. वरून दिसतच नव्हती, बोट फिरवल्यावर कळली. पाइप बदलला, ट्रिम हळूहळू ४ वर आली आणि थरथर थांबली. मनापासून आभार.

यवतेश्वर वळण

ताई, वा! पाइप खालून तपासायचं मीही लक्षात ठेवतो.

आता माझं. कॉईल मूळ जागी लावून घाट चढलो. फक्त पी०३०३. दुसरा सिलेंडर पूर्ण स्वच्छ. रानवाट, कूलंटची पातळी इतक्या महिन्यांत हललेली नाही, धूरही नाही. म्हणजे पॅकिंगचा संशय मिटला.

मग सकाळी इंजिन गार असताना तिसऱ्याची कॉईल काढली. बूट ओलसर होता. तळहातावर पुसला तर इंजिन ऑइल. प्लगच्या भोकात टॉर्च मारली, तळाशी ऑइलचं डबकं. दुसऱ्या भोकात नुसता ओलावा, पहिलं आणि चौथं कोरडं. ऑइल टिपल्याशिवाय प्लग सोडवला असता तर ते सगळं सिलेंडरमध्ये उतरलं असतं, म्हणून आधी मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून ऑइल ओढून घेतलं आणि मग काठीला कापड गुंडाळून भोक कोरडं केलं.

प्लगचं टोक चांगलं तपकिरी आहे, काजळी नाही. पण पोर्सेलिन पुसल्यावर काकांनी सांगितलं तेच दिसलं. वरच्या टोकापासून खालच्या लोखंडी षटकोनापर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. नखाने खरवडून जात नाही. बूट उलटा करून टॉर्च आत धरली तर आतल्या रबरावर त्याच जागी तशीच रेघ. रबर तोंडाशी फुगून मऊ पडलंय.

म्हणजे दुसऱ्या सिलेंडरचं कोडं असं सुटतं का? तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यावर गेली तेव्हा खराब बूट सोबत गेला आणि तिथे ठिणगी चुकली. आणि तिसऱ्यावर चांगली कॉईल आली, पण प्लगवरची रेघ तिथेच होती, म्हणून तिथेही चुकली. दोष एकच, पण त्याचे दोन अर्धे दोन ठिकाणी वाटले गेले.

कुपवाडचा फिटर

अगदी बरोबर ओळखलंत! शाब्बास. पन्नास गाड्यांत एखादीला असं दोन्हीकडं दिसतं आणि तिथंच लोक चारही कॉईल बदलून मोकळे होतात.

काय झालं ते सांगतो. टॅपेट कव्हरखाली प्लगच्या भोकांभोवती गोल सील असतात. ते कडक झाले, ऑइल भोकात उतरलं. ऑइलनं बुटाचं रबर फुगलं, प्लगवरची पकड ढिली झाली. घाटात व्होल्टेज चढलं की ठिणगी गॅप सोडून पोर्सेलिनवरून बाहेरच्या लोखंडाला उतरायची. प्रत्येक वेळी ती वाटेत कार्बनचा माग सोडती. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून पुढची ठिणगी त्याच वाटेनं आणखी सहज जाती. २४०० आरपीएमला एका सिलेंडरमध्ये सेकंदाला वीस ठिणग्या पडतात, रेघ पक्की व्हायला वेळ लागत नाही.

यात फसण्याची जागा कुठं आहे बघा. नुसता प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगवर माग उठवती. नुसता बूट बदलला तर प्लगवरची रेघ नव्या बुटाला खाती. आठवड्याभरात परत तेच. दोन्ही एकदम बदला. आणि सील बदलले नाहीत तर वर्षभरात ऑइल परत येणार. दुसऱ्याची कॉईल थोडा वेळ रेघवाल्या प्लगवर चाललीय, तिचा बूटही आतून नीट बघून घ्या.

काही कॉईलना बूट सुटा मिळतो, आत स्प्रिंग असती. दुकानात कॉईल घेऊनच जा आणि विचारा. सुटा मिळत नसेल तरच पूर्ण कॉईल. प्लग चारही घ्या, कारण उरलेले त्याच वयाचे आहेत आणि झिजलेला गॅप मोठा झाला की व्होल्टेज परत वाढतं. सीएनजीला गॅप पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात सीएनजीच्या मॉडेलचा आकडा आणि प्लगचा नंबर बघा, पेट्रोल मॉडेलचा घेऊ नका. गॅप मोजायला तारेचं गेज वापरा. नाण्यासारखं गोल गेज इरिडियमच्या बारीक टोकाला तोडतं.

रानवाट

पटलं. पॅकिंगचा संशय एका फेरीत फिटला हे फार आवडलं. कॉम्प्रेशन गेज न आणता.

हळदीचं पेव

काका, ईसीयूला कोणता सिलेंडर चुकला हे कळतं कसं? प्रत्येक सिलेंडरला सेन्सर तर नसतो.

कुपवाडचा फिटर

क्रँकच्या चकतीला दाते असतात, समोर सेन्सर. सिलेंडर पेटला की क्रँकला धक्का बसतो आणि दाते किंचित वेगानं सरकतात. एक सिलेंडर चुकला की त्याच्या वाट्याच्या अर्ध्या फेरीत क्रँक मंदावतो. बहुतेक चार सिलेंडर इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, त्यावरून कुणाची पाळी होती हे ईसीयू ओळखतो. म्हणून फार खडबडीत रस्त्यावर चाकांतून येणाऱ्या धक्क्यांनीही कधी खोटा कोड पडतो. एकदा पडलेल्या कोडवर विश्वास ठेवू नये, पुसून परत येतो का बघावं.

यवतेश्वर वळण

काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

बूट सुटा मिळाला. दुसऱ्याचा बूट आतून स्वच्छ होता, तरी तोही घेतला. सीएनजी मॉडेलच्या नंबरचे चार प्लग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि त्यासोबतचे गोल सील, एवढंच सामान. एकही कॉईल घ्यावी लागली नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. कॉईलचे सॉकेट, वरचे पाइप आणि वायरिंगच्या क्लिपा सोडवायच्या आधी मोबाईलने फोटो काढून ठेवले. कव्हरभोवतीची धूळ हवेने उडवून घेतली, नाहीतर ती उघड्या कॅमशाफ्टवर पडते. कव्हरचे बोल्ट सुटले तरी कव्हर चिकटून होतं. स्क्रू ड्रायव्हर खोचून उचकटायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमच्या तोंडाला चरा पडला की तिथून गळती कायमची. रबरी हातोड्याने बाजूने हलके ठोकत गेलो तेव्हा उठलं.

जुने सील बोटाने दाबले तर प्लास्टिकसारखे कडक आणि तिसऱ्याच्या कडेला सरळ भेग. दोष हातात धरून बघण्यात फार समाधान आहे. इतके दिवस जो घाटात नुसता झटका म्हणून जाणवत होता, तो तिथे समोर होता.

हेडचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीने आणि कापडाने साफ केलं. टायमिंग चेनचं कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या दोन सांध्यांवर सीलंटचा छोटा ठिपका, बाकी कोरडं. नवे प्लग आधी बोटांनी, रबरी नळीच्या टोकात धरून फिरवले. नळीने फिरवलं की आटा चुकला तर नळीच घसरते, हेडचा आटा वाचतो. मग टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर.

आधी पेट्रोलवर सुरू करून आयडलिंगला पंधरा मिनिटं ठेवली, कव्हरच्या कडेने ऑइल येतं का पाहिलं. कोरडं. मग सीएनजीवर घाट. दुसऱ्या गियरमध्ये मुद्दाम २४०० च्या आसपास धरून चढलो, आई शेजारी होती. एकही झटका नाही. परत येऊन स्कॅन केला, कोड नाही, पेंडिंगमध्येही (अजून पक्क्या न झालेल्या कोडांतही) नाही. नंतर भर दुपारी, एसी लावून, चार माणसं घेऊन परत चढलो. तसंच.

फिटरकाका, तुमच्यामुळे झालं. सांगलीला आलो की भेटायला येणार.

चारभिंती

अभिनंदन दादा. मीही स्कॅनर मागवलाय, शेजारच्या गाड्यांचे कोड आधी वाचतो. सीएनजी गाड्यांचे व्हॉल्व्ह लवकर जातात म्हणतात, त्याचं पण असं घरी कळतं का?

कुपवाडचा फिटर

या की, वाट बघतो.

चारभिंती, सीएनजी कोरडं जळतं, व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप कमी होतो. गॅप संपला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब सुटतो. खूण अशी की गार असताना ठीक आणि पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला मिसिंग. यवतेश्वरभाऊंनी कव्हर काढलंच होतं तेव्हा फिलर गेजनं टॅपेट बघायला हरकत नव्हती, पण त्यांचं लक्षण तसलं नाही. सीएनजीवाल्यांनी पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला टॅपेट तपासून घ्यावेत, टाळू नये. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर गॅप लावायचा प्रश्न येत नाही.

रानवाट

एक राहिलं. कव्हरचे बोल्ट किती आवळले? माझ्या गाडीचं कव्हर एकदा जास्त आवळून चिरलं होतं.

यवतेश्वर वळण

माझ्या पुस्तकात साधारण १० न्यूटन मीटर आहे, म्हणजे फारच कमी. मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेर, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत आवळले. पहिल्या फेरीत निम्मा, दुसरीत पूर्ण. छोटा टॉर्क पाना शेजारच्यांकडून आणला. मोठ्या पान्याचा काटा एवढ्या खालच्या आकड्याला भरवशाचा नसतो, छोटाच वापरा.